सध्या शाळेत शिकत आहे

हसायचं असेल तर खुशाल हसा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलेच होते.

पण हे घडलंय. तारखेनिशी सांगते.

२२ मे २०२४, बुधवार. बुद्धपौर्णिमेचा आदला दिवस. नांदुरा तालुक्यातलं वडनेर भोलजी. रात्र नव्हती की अमावस्या नव्हती. दुपारचा एक वाजला होता आणि ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

हे ज्याच्यावर गुदरलं तो प्रसेनजित तायडे, माझा मावसभाऊ. राहायला वडनेरला, ऑफिस मलकापूरला. कॉम्प्युटरची कामं घेतो. आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. प्रसेनजित तर असल्या गोष्टी सांगणाऱ्याची भर लग्नात खिल्ली उडवणारा.

गावातल्या एका जुन्या शाळेला पंच्याहत्तर वर्षं होत होती. संस्थेनं ठरवलं, जुनी दाखल-खारीज रजिस्टरं ऑनलाइन टाकायची. माजी विद्यार्थ्यानं नाव टाकलं की त्याची नोंद पुढ्यात यावी. काम प्रसेनजितला मिळालं.

शोधायचं काम सर्च सर्व्हर करतो. पण तो उत्तर देतो ते कंस, कोलन आणि आकड्यांच्या गचपणात. माणसाला ते वाचता यावं म्हणून टेम्प्लेट लिहावं लागतं. कोरा फॉर्मच म्हणा ना. नाव इथे, वडिलांचं नाव इथे, शाळा सोडल्याची तारीख इथे. सर्व्हर माहिती आणतो, टेम्प्लेट ती त्या त्या जागी बसवतं.

आता, आमचा भाऊ हुशार आहे, पण सुट्टीची घाई हुशार माणसालाही असते. त्यानं दुसऱ्या एका शाळेच्या चालू विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं टेम्प्लेट उचललं आणि इथे बसवलं. त्यात एक ओळ होती. शाळा सोडल्याची तारीख कोरी असेल तर छाप, 'सध्या शाळेत शिकत आहे'.

शिवाय 'शेरा' हा रकाना त्यानं काढून टाकला. बहुतेक नोंदींत तो रिकामाच होता, पान उगाच लांबत होतं.

त्या दुपारी तो शाळेच्या ऑफिसात बसून हे काम तपासत होता. शाळेचे क्लार्क शेषराव उठले.

"प्रसेनजितभाऊ, मी जेवून येतो. गेट लोटून घेतो. तुम्ही बसा आरामात."

ते गेले. सगळ्या शाळेत प्रसेनजित एकटा.

सोडल्याची तारीख कोरी असलेल्या नोंदी त्यानं काढून पाहिल्या. अकरा निघाल्या. पहिली उघडली. १९५८ साली पहिलीत घातलेला मुलगा, आणि खाली ऐटीत छापलेलं... सध्या शाळेत शिकत आहे.

प्रसेनजितला हसू आलं. सत्तरी ओलांडलेला विद्यार्थी!

तेवढ्यात शेजारच्या वर्गातून आवाज आला...

"हजर."

बारीक आवाज. लहान पोराचा.

त्याला वाटलं, सुट्टीत पोरं खेळायला शिरली असतील. उठून बघून आला. वर्गाला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर बाकांवर बोटभर धूळ. कोणी नाही.

तो परत बसला. दुसरी नोंद उघडली.

"हजर."

तिसरी उघडली.

"हजर."

प्रत्येक वेळी वेगळा आवाज.

मग त्याच्या लक्षात आलं, की छपरातली कबुतरं गप्प झाली आहेत. सकाळपासून त्यांनी डोकं उठवलं होतं. आता एकही घुमत नव्हतं.

त्यानं पहिल्या नोंदीच्या रजिस्टरचा फोटो उघडला. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं एकच शब्द होता.

मयत.

दुसऱ्या नोंदीतही तेच. तिसरीतही.

साधी गोष्ट होती. शाळा सोडल्याची तारीख कधी भरतात? आईबाप दाखला न्यायला येतात तेव्हा. गेलेल्या लेकराचा दाखला न्यायला कोण येणार? ती तारीख कायमची कोरी. आणि प्रसेनजितनं शेरा काढून टाकलेला.

म्हणजे त्याच्या टेम्प्लेटनं अकरा मेलेल्या मुलांना परत शाळेत बसवलं होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण यादीतलं शेवटचं नाव त्याला दिसलं.

तायडे मंजुश्री माणिकराव. इयत्ता दुसरी.

मंजू त्याची थोरली बहीण. १९९५ च्या जानेवारीत तापानं गेली. तेव्हा हा तीन वर्षांचा. त्याला ती फक्त भिंतीवरच्या फोटोतून ठाऊक.

त्यानं नोंद उघडली.

सध्या शाळेत शिकत आहे.

तो कान देऊन बसला. 'हजर' आलं नाही.

त्याऐवजी व्हरांड्यात पावलं वाजली... लहान, अनवाणी, पळत जाणारी. त्याच्या दारावरून गेली. गेट करकरलं. पावलं तायड्यांच्या गल्लीच्या दिशेनं गेली.

दुपारी एकला मधली सुट्टी असते. मुलं जेवायला घरी जातात.

त्यानं घरी फोन लावला.

"आई, काय करून राह्यली?"

जनकाबाई, माझी मावशी. सत्तरीची. फोनवर कायम ओरडून बोलणारी. त्या दिवशी ती कुजबुजली.

"हळू बोल बाप्पा. मंजी जेवून राह्यली."

उन्हानं आईचं डोकं फिरलं, की आणखी काही... प्रसेनजितला सुचेना. सुचली एकच गोष्ट. त्यानं टेम्प्लेट उघडलं. ती ओळ खोडली. शेऱ्याचा रकाना परत घातला. सेव्ह केलं.

मंजूच्या नोंदीखाली आलं, शेरा : मयत.

शेजारच्या बंद वर्गात बाक सरकले... सगळे एकदम, शाळा सुटल्यावर सरकतात तसे.

मग शांत. थोड्या वेळानं एक कबुतर घुमलं.

तो घरी धावला. मावशी चुलीपुढे बसली होती. समोर ताट. अर्धी भाकर, वांग्याची भाजी. मोडलेला एक घास ताटाच्या कडेला तसाच.

"काऊन रे," ती म्हणाली, "कोनं बलावलं तिले? अर्ध्या ताटावरून उठून गेली माही लेक."

प्रसेनजितनं ताटाला हात लावला, तर तिनं तो बाजूला सारला.

"भूक लागली म्हने. लय दिवसाची भूक लागली म्हने तिले."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. मावशीनं खीर केली नाही. जन्मात पहिल्यांदा. वंदनेला विहारात गेली नाही. ते ताट उचलू देईना. स्वतःही घास घेईना. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले, तिनं सुई उपटून टाकली. तिसऱ्या दिवशी तिला उठून बसवेना.

"ती जेवल्याबिगर मी कशी जेवू?" एवढंच म्हणायची.

शनिवारी दुपारी प्रसेनजित शाळेत गेला. त्याला माहीत होतं आपण काय करतोय. टेम्प्लेटमध्ये त्यानं एक अट घातली. सगळ्यांसाठी शेरा छाप. फक्त या एका दाखल क्रमांकासाठी नको. तिच्यासाठी जुनीच ओळ.

व्हरांड्यात पावलं वाजली. त्यानं मान वर केली नाही.

घरी आला तेव्हा मावशी भाकरी थापत होती. दोन ताटं मांडलेली, दोन्ही चाटूनपुसून स्वच्छ.

त्या गोष्टीला आता वर्ष उलटलंय. मावशी ठणठणीत आहे. रोज दुपारी एकला दोन ताटं मांडते. घरातले त्या वेळी स्वयंपाकघरात जात नाहीत.

उरलेल्या दहा जणांना प्रसेनजितनं मयत ठेवलं. त्यांच्यासाठी ताट मांडणारं त्याला कोणी माहीत नव्हतं. हे सांगताना तो रडला होता.

गेल्या जूनमध्ये मावशीनं त्याच्याकडून तिसरीची पुस्तकं मागवली. मला ते कळलं तेव्हा मी घरी, भर दुपारी, मोबाइलवर ती साइट उघडली. मंजूचं नाव टाकलं.

इयत्ता तिसरी. सध्या शाळेत शिकत आहे.

प्रसेनजित शपथेवर सांगतो, त्या नोंदीला कोणी हात लावलेला नाही. रजिस्टरच्या फोटोत अजून दुसरीच आहे.

मला मंजूची भीती वाटत नाही. आमचीच लेक ती.

पण मावशी आता एकाहत्तर वर्षांची आहे. परवा भेटले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "बाई, मी तिले तुह्या घराचा रस्ता दाखवून ठेवला."

तेव्हापासून दुपारी एकला मी घरी थांबत नाही.