दिसेल ते मोठ्यानं बोला

माझ्या गाडीला ब्रेक दोन आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा माझ्या. बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. त्या दुसऱ्या ब्रेकवर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा नातेवाइकांवरही नाही.

शिकवायची माझी एक पद्धत आहे. रस्त्यात दिसेल ते मोठ्यानं बोलत चालवायचं. तोंड चालू असलं की डोळे झोपत नाहीत, आणि हात फोनकडे जात नाही. "डावीकडे सायकल. पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला. दुकानातून माणूस बाहेर, लक्ष नाही." असं.

त्या आठवड्यात शिकायला होत्या टेलरबाई, पन्नाशीच्या, कपडे शिवणाऱ्या. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि भाड्याच्या गाडीवाला नेमका त्याच सकाळी फोन उचलत नसे. परीक्षा शुक्रवारी होती. नापास झाल्या तर पुढची तारीख दोन महिन्यांनी.

"तोवर यांना काय पाठुंगळी नेऊ, सर?" त्या विचारायच्या.

बोलत चालवण्यात त्या पहिल्या दिवसापासून तरबेज. नजर कपड्यांवर. "निळा शर्ट, बाही आखूड पडलीय, रस्ता ओलांडणार."

सोमवारी सकाळी अकराला पोस्टाच्या चौकात, सिग्नल हिरवा असताना, त्यांनी ब्रेक दाबला.

"झेब्रा क्रॉसिंगवर बाई. राखाडी कोट. डाव्या खांद्याची शिवण उसवलीय."

झेब्रा रिकामा होता. मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

"कुठाय?"

"ही काय. गेली बघा पलीकडे."

मंगळवारी तेच. तोच चौक, तीच शिवण. मी त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांची नजर उत्तम निघाली. आलोच आहोत तर म्हणून मी माझीही तपासून घेतली. तीही उत्तम. हे ऐकून मला वाटायला हवं होतं तेवढं बरं वाटलं नाही.

बुधवारी टेलरबाईंचा आवाज खाली आला. "आज ओलांडत नाहीये. कडेला उभी आहे. गाडीत बघतेय."

"ताई, विनाकारण थांबलात की परीक्षक सरळ नापास करतो. त्याला तुमच्या घरचं काही माहीत नसतं."

"मग काय तिच्या अंगावरून नेऊ?"

"हो," मी म्हणालो.

बावीस वर्षांत हे उत्तर मी कुणालाही दिलं नव्हतं.

गुरुवारी फर्निचरच्या दुकानापासूनच त्यांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं.

"सिग्नल हिरवा. उजवीकडे स्कूटर. बाई खाली उतरली."

समोर नुसते पांढरे पट्टे. त्यांवर ऊन.

"दोन पावलं. सर."

"चला."

"मधोमध आलीय, सर. थांबलीय."

माझा पाय माझ्या ब्रेकवर होता. पट्टे रिकामे होते. मी पाय दाबला नाही.

गाडी गेली.

धक्का नाही, आवाज नाही. पुढचे तीन किलोमीटर टेलरबाई काही बोलल्या नाहीत, आणि बोला असं मीही म्हटलं नाही.

शुक्रवारी त्या पास झाल्या. परीक्षकानं चौकातून दोनदा नेलं, एकदाही विनाकारण थांबल्या नाहीत.

"आज नव्हती," रुमालानं तळवे पुसत त्या म्हणाल्या.

"बघा. मी म्हटलं नव्हतं?" मी गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणालो.

आरटीओच्या बाकावर त्यांचे यजमान हॉस्पिटलची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना रिक्षात बसवून त्या पेढ्याबिढ्याचं बोलायला माझ्याकडे आल्या. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या गाडीच्या आत गेली. मग नमस्कार करून भराभर निघून गेल्या.

मी एकटाच निघालो. वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि बीप सुरू झाला. मागच्या सीटवर वजन असलं आणि पट्टा लावलेला नसला की ही गाडी अशी ओरडते. सेन्सर बिघडतात. सोमवारी गॅरेजला दाखवू, असं मी ठरवलं.

पोस्टाचा चौक आला. बीप चालूच होता.

"सिग्नल हिरवा," मी मोठ्यानं म्हणालो. "झेब्रा रिकामा."

मागे टक्क असा आवाज झाला, आणि बीप थांबला.