गोधडीताईंचे हात

"माझी धाकटी जाऊ सोमवारपासून बेपत्ता आहे," असं म्हणत बाई आत आल्या, तेव्हा फौजदार मॅडम जेवणाचा डबा उघडत होत्या. गुरुवारची दुपार होती. उघडलेला डबा परत बंद करणं मॅडमच्या अगदी जिवावर आलं, पण केला.

हवालदारांनी बाईंना लगेच ओळखलं. त्या गोधडी शिवायला ऑनलाइन शिकवत. सगळे त्यांना गोधडीताई म्हणत.

"घरात कोण कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी आणि धाकटी, दोघीच. यजमान परगावी असतात. दीर सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती माझ्याकडेच."

"दिवसभर काय करायची?"

"मला मदत. कापडाला इस्त्री कर, दोरे काप. शिवणातलं तिला ओ की ठो कळत नाही."

"जाताना काय नेलं?"

"काही नाही. मोबाइलसुद्धा माझ्याकडे आहे. फक्त शिवणाचा डबा दिसत नाही."

"सोमवारी गेली, मग आज आलात?"

"वाटलं, येईल परत. धडे तीन दिवसांचे रेकॉर्ड करून ठेवलेले, म्हणून निभावलं." ताईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "हल्ली डोकं फिरल्यासारखी वागायची. जिवाचं काही बरंवाईट केलं असेल. नदीवर शोधा, मॅडम. उद्या पाचला माझा पहिला थेट वर्ग आहे. कसं व्हायचं?"

तक्रारीवर सही करताना ताईंची लांब, रंगवलेली नखं कागदावर वाजली. बोटं लहान बाळासारखी मऊ होती. मॅडमनी आपले राठ हात टेबलाखाली घेतले.

दोन शिपाई नदीवर गेले. मॅडम ताईंच्या घरी गेल्या. धाकटीची खोली चिंचोळी होती. पलंग, एक टेबल, त्यावर झगझगीत दिवा आणि सरळ खाली बघणारा मोबाइलचा स्टँड.

"हे इथे कशाला?"

"बोलायचं ते दिवाणखान्यात रेकॉर्ड करते, हातांचं इथे," ताई म्हणाल्या.

मॅडम ठाण्यात परतल्या तेव्हा भाजी गार झाली होती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, रक्तदाब उतरवायचा तर हाताला काही छंद लावा. लेकीने गोधडीच्या वर्गांची आख्खी यादीच पाठवली होती. त्यातला एक निवडायलाही आठवडाभर अंगात त्राण नव्हतं. आज त्यांनी जेवता जेवता नमुन्याचे धडे लावले.

पहिला गोधडीताईंचाच. हसरा चेहरा बोलला, मग पडद्यावर नुसते हात आले. उजव्या हाताने वाटीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि सुईचं नेढं ओलं केलं. दोरा कोरडाच ठेवला. मॅडमना गंमत वाटली. त्या स्वतः जन्मभर दोरा ओला करत आल्या होत्या.

दुसऱ्या वर्गातले गृहस्थ आपली जीवनकहाणी सांगत होते. वीस मिनिटं झाली तरी सुईचा पत्ता नव्हता. तिसरा वर्ग अगदी नवा, पहिला धडा बुधवारी टाकलेला. चेहरा नाही, नावही नाही. पण शेजारी पाण्याची वाटी होती आणि बोट नेढ्याकडे गेलं.

मॅडमनी पहिल्या आणि तिसऱ्या वर्गाचे धडे तीनदा पाहिले. मग तिसऱ्या वर्गाच्या प्रश्नांच्या चौकटीत चार ओळी लिहिल्या. तासाभराने फोन आला.

शुक्रवारी सकाळी ताईंना बोलावणं गेलं. टेबलावर सुई, दोरा आणि कापड होतं.

"दहा टाके घाला, ताई."

"आत्ता? माझा हात दुखतोय."

"सहा वर्षं दुखत असेल," मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या. "गोधडी शिवताना एक हात कापडाखाली धरावा लागतो. सुई रोज त्या बोटांना टोचते. तुमच्या बोटांवर साधा ओरखडा नाही. धड्यातले हात धाकटीचे आहेत. तिला शिवणातलं कळत नाही म्हणालात, पण दिवा, स्टँड तिच्या खोलीत. आणि जीव द्यायला निघालेलं माणूस शिवणाचा डबा घेऊन जात नाही."

ताईंनी हात टेबलाखाली घेतले.

"काल तिचा फोन आला होता. रविवारी तिने, थेट वर्गात माझंही नाव सांगा, म्हटलं. तुम्ही तिचा मोबाइल काढून घेतलात. तीन धडे शिल्लक होते तोवर तुम्ही स्वस्थ बसलात. ते बुधवारी संपले आणि गुरुवारी तुम्ही इथे आलात. काल माझी माणसं उगाच नदीकाठ तुडवत होती, ताई. तिला वेडी ठरवलं की आम्ही तिला धरून आणू, असंच ना?"

"ती कुठे आहे?" ताईंनी विचारलं. "साठ जणी पाच वाजता वाट बघणार. मी काय दाखवू त्यांना?"

"पत्ता मिळणार नाही. सज्ञान बाई आपल्या पायांनी घर सोडून गेलीय. तुम्ही खोटी माहिती दिलीत, त्याचा जबाब हवालदार घेतील. तिचा मोबाइल इथे जमा करा."

ताईंनी पर्समधून मोबाइल काढून ठेवला. जबाब देऊन त्या गेल्या तेव्हा उन्हं चढली होती. मॅडमनी कालचा नंबर लावला. धाकटी मैत्रिणीकडे होती.

"तक्रार निकाली काढली. तुम्हाला कुणी न्यायला येणार नाही."

"जाऊबाई रडल्या का हो?" पलीकडून हळूच प्रश्न आला. "माझ्यासाठी?"

मॅडमना खोटं बोलावंसं वाटलं. फार वाईट वाटत होतं.

"वर्गासाठी रडल्या," त्या म्हणाल्या.



"बरं झालं सांगितलंत," धाकटी म्हणाली. "चार दिवस झोप नव्हती मला. सारखं वाटायचं, परत जावं."