मास्तरांचं फोल्डर

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझी आतेबहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, थापा मारणाऱ्यांतली नाही. उलट भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यांत आधी तीच खो खो हसायची.

आता हसत नाही.

आणि रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी घडलं हे. हॉस्पिटलमधल्या आवाज रेकॉर्ड करायच्या खोलीत. भिंतींना फोम, खिडकी नाही. दार लावलं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो.

घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांचा आवाज आधीच जपून ठेवायचा, असा एक प्रोग्राम ताईने आणि मास्तरांनी मिळून लिहिला होता. मास्तर म्हणजे तिचे ऑफिसातले सीनियर. काम त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं. पण त्यांची एक वाईट खोड होती. रेकॉर्डिंग कुठे सेव्ह करायचं तो पत्ता त्यांनी प्रोग्राममध्येच लिहून टाकला होता. स्वतःच्या कॉम्प्युटरवरचा, स्वतःच्या नावाच्या फोल्डरचा.

"अहो मास्तर, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावाचं फोल्डर कुठून येणार?" ताई कटकट करायची. "जो समोर बसलाय त्याचं फोल्डर कुठे आहे ते विंडोजला विचारायचं. असा पत्ता ठोकून बसवायचा नाही."

"काढला गं बाई! माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

होता. डोळे मिटून होता.

पुढे मास्तर गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, हार्ट अटॅकने. ताई घरचं माणूस गेल्यासारखी रडली.

त्यानंतर हॉस्पिटलने नवाकोरा कॉम्प्युटर घेतला. खोक्यातून काढून ताईनेच त्यावर प्रोग्राम टाकला. पहिली पेशंट एक तरुण आई होती. घरी तिची लहानगी मुलगी, आईच्या गोष्टीशिवाय न झोपणारी. आईने त्या बंद खोलीत बसून तिच्यासाठी गोष्टींवर गोष्टी सांगितल्या. प्रत्येक गोष्टीनंतर स्क्रीनवर यायचं, 'सेव्ह झालं'.

ऑपरेशन झालं. आवाज गेला.

आणि ताईला फोन आला... यादीत एकही रेकॉर्डिंग नाही.

ताई धावतपळत पोचली. नवरा-बायको बाहेर बाकावर बसले होते. बाईच्या गळ्याला पट्टी. ताईने त्यांच्याकडे बघायचं टाळलं, आत गेली, दार लावलं.

रेकॉर्डिंग शोधून यादी दाखवणारा भाग ताईचा होता, तो समोर बसलेल्याच्याच फोल्डरमध्ये शोधायचा. सेव्ह करणारा भाग मास्तरांचा. तिने तो उघडला.

पत्ता तिथेच होता. मास्तरांच्या नावासकट.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढला म्हणालात ना?" ती मोठ्याने ओरडली.

माइकच्या आवाजाची हिरवी पट्टी स्क्रीनवर उसळली... आणि ती गप्प झाल्यावरही खाली बसेना.

हळूहळू हलत राहिली. अगदी माइकजवळ तोंड नेऊन कोणी बोलत असावं तशी.

तिने हेडफोन लावले... काही नाही.

मग तिच्या डोक्यात आलं. या कॉम्प्युटरवर ते फोल्डरच नाही, तर 'सेव्ह झालं' कसं आलं? प्रोग्रामने चूक दाखवायला हवी होती.

तिने ड्राइव्ह उघडली...

फोल्डर होतं. मास्तर गेल्यावर विकत घेतलेल्या कॉम्प्युटरवर, मास्तरांच्या नावाचं. आत सगळ्या गोष्टी.

खरं सांगायचं तर आधी तिला हायसंच वाटलं. तिने दोघांना आत बोलावलं. पहिली गोष्ट लावली.

"ऐक हं पिल्लू, आज हत्तीची गोष्ट..."

शब्द त्या आईचेच. मध्येच फुटलेलं हसूसुद्धा तिचंच.

आवाज मास्तरांचा.

ताईचा हात गोष्ट बंद करायला माउसकडे गेला. इतक्यात नवऱ्याने डोळे पुसले. "हाच! अगदी हिचाच आवाज! मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू?"

बायको पांढरीफटक पडली होती. तिने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि फक्त ताईला दाखवलं.

'हा माणूस कोण आहे?'



प्रोग्राम ताईने त्याच दिवशी दुरुस्त केला. गोष्टी योग्य फोल्डरमध्ये हलवल्या. तिला ऐकू येणारा आवाज काही बदलला नाही.

"त्या माणसासाठी मी रडले, याचीच आता लाज वाटते," ती मला म्हणाली. "खोटं बोलला ते बोलला, वर त्या बाईचं उरलंसुरलंही घेऊन बसला."

मुलगी आता गोष्ट ऐकत शांत झोपते म्हणे. तिलाही आईच ऐकू येते. "आई, तू पण ऐक ना," असा हट्ट करते. गोष्ट सुरू झाली की आई खोलीबाहेर जाऊन कानांवर हात ठेवून बसते.

परवा ताईने त्या गोष्टींतली एक फाइल मला पाठवली. मास्तरांशी मीही एक-दोनदा बोलले होते. "ऐक आणि सांग," ती म्हणाली, "तुला कोणाचा आवाज येतो."

फाइल माझ्या फोनमध्ये आहे. मी अजून ती उघडलेली नाही.