ऑर्गनवरचा आरसा

गिरगावातल्या त्या जुन्या चर्चच्या जिन्यात अक्षता धडकली ती नुसत्या मोज्यांवर निघालेल्या एका तरुणावर. बूट त्याच्या हातात होते.

“अहो, बूट पायात घालतात,” ती म्हणाली.

“हे फक्त ऑर्गनच्या खालच्या, पायानं वाजवायच्या पट्ट्यांवर चालतात. बाहेरची धूळ नको त्यांना,” तो हसला. “मी अनिश. तू... क्वायरला नवीन?”

नवीनच होती. भोईवाड्यात, आजोबांच्या भजनात वाढलेली पोर. मैत्रिणीनं ओढून आणलं म्हणून आली आणि रमली. चार बाजूंनी चार चाली एकदम गातात आणि तरी भांडण होत नाही, याचंच तिला नवल! त्यातून मरियेचं स्तुतिगीत म्हणताना तर अंगावर काटाच यायचा.

पण एक होतं. अनिश सगळ्यांकडे पाठ करून वाजवायचा. क्वायर बसवणाऱ्या सरोजिनीबाईंच्या हाताचा इशारा दिसावा म्हणून ऑर्गनवर छोटा आरसा लावलेला. अक्षतानं तोंड उघडलं रे उघडलं, की आरशात त्याच्या कपाळाला आठ्या! आपला सूर कच्चा आहे, तिनं मनाशी पक्कं करून टाकलं. त्यात सरोजिनीबाईंनी तिला दुसऱ्या रांगेतून उचलून पार खांबाजवळ उभं केलं. यानंच चुगली केली असणार! तिला राग आला आणि रडूही. कारण खरं सांगायचं तर गाण्याइतकाच तो मोजेवालाही तिला आवडायला लागला होता.

शनिवारी शेवटची तालीम होती. आज गाण्यांची फाईल परत द्यायची, उद्याच्या सायंप्रार्थनेला यायचंच नाही, असं ठरवूनच ती आली.

सरोजिनीबाईंनी हात उचलला, खाली आणला... ऑर्गन गप्प. पुन्हा हात. पुन्हा गप्प.

“अनिश! झोपलास का रे?”

बाई तरातरा गेल्या, त्याला बाकावर सरकवून स्वतः बसल्या आणि आरशात बघितलं.

“यात माझी जागा कुठाय? यात तर नुसती अक्षता दिसतेय!”

सगळी क्वायर फिस्सकन हसली. अनिशचे कान लालबुंद झाले.

तालीम सुटल्यावर तिनं त्याला जिन्यातच गाठलं. “मग आठ्या कशाला घालायचास?”

“आठ्या? अगं, डोळे बारीक करायचो. नोटेशन जवळ असतं, ते दिसतं. तू लांब असतेस... आणि चष्म्यात मी अगदी काका दिसतो.”

“म्हणजे माझा सूर—”

“तुझा सूर पक्का आहे, म्हणून तर बाईंनी तुला खांबाकडे धाडलं. तिकडचा आवाज पडत होता. मग मला आरसा वळवावा लागला ना!”

अक्षताचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ती हसली. “मी उद्या येणारच नव्हते, माहितेय?”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “असं नको ना करूस. मला तू आवडतेस, अक्षता... त्या पहिल्या धडकेपासून.”

“मलाही तू,” ती हळूच म्हणाली. “आता चष्मा लाव. आणि आरसा बाईंकडे वळवून ठेव, नाहीतर दोघांनाही हाकलतील.”

रविवारी तो चष्मा लावून आला. खरंच काका दिसत होता, आणि तिला फारच आवडला. आरसा बाईंकडे वळलेला होता, ऑर्गन वेळेवर सुरू झाला, मरियेचं गीत शेवटपर्यंत सुरात गेलं. उरलं फक्त ‘आमेन’. खर्जाचा स्वर पायानं दाबून धरायचा होता, पण अनिशचा एक हात मोकळा होता. त्या हातानं त्यानं आरसा हळूच खांबाकडे वळवला.

अक्षता गाता गाता हसली. सरोजिनीबाईंनी ते पाहिलं आणि आमेन थांबवणारा हात खाली आणायला मुद्दाम जरा उशीर केला.