मीठवालीची जागा

त्या दोघांची पहिली गाठ शिडीवर पडली. म्हणजे तो शिडीवर होता आणि ती खालून शिडी हलवत होती.

तिच्या काकांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर घराण्याचा वंशवृक्ष रंगवून घ्यायला काढला होता. दुसऱ्या दिवशी सगळी भावकी जमणार होती. वर्षभर दफ्तरं धुंडाळून, म्हाताऱ्यांची डोकी खाऊन पिढ्या जुळवणारा हा चित्रकार शेवटची पानं रंगवत होता. शहरात राहणारी पुतणी ऑफिसातून परस्पर समारंभासाठी आली, तिनं भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. परवा जन्मलेला चुलतभाऊ होता... ती नव्हती. आई, आजी, आत्या — कुणीच नव्हतं.

"सहा पिढ्या नुसते बापच बापांना जन्म देत होते का हो?"

"ताई, काकांनी फक्त मुलगे सांगितले होते."

"ताई तुमच्या घरी. आणि बुंध्याशी हे दोन भाऊ? आभाळातून पडले?"

तो खाली उतरला. डोळे नको तितके शांत. तिचा पारा त्यानं आणखीच चढला. त्यानं सांगितलं ते असं : डोंगरापलीकडे दुष्काळ पडला तेव्हा एक विधवा दोन तान्ही पोरं घेऊन नदी ओलांडून इकडे आली. गाढवांवर मीठ लादून गावोगाव विकायची. नाव कुठेच सापडलं नाही. लोक तिला मीठवाली म्हणत. घराण्याचं आडनाव पडलं ते त्या मिठावरूनच.

ती ओरडली नाही. "ठाऊक नसतं तर सोडून दिलं असतं. तुम्हाला ठाऊक होतं."

इतका वेळ तो तिच्या रागाची मनातल्या मनात मजा घेत होता. ती चैन तिथे संपली. त्यानं ब्रश उचलला आणि बुंध्याशी गुडघे टेकले. ती रंगाची वाटी धरून शेजारी बसली, 'मीठवाली'चं प्रत्येक अक्षर मोठं काढायला लावत. वाटीत ब्रश बुडवताना बोटं भिडली — दोघांनीही माफी मागितली नाही.

काका आले आणि घर डोक्यावर घेतलं. हे आत्ताच्या आत्ता पुसा, म्हणाले.

चित्रकारानं ओलं फडकं त्यांच्याच हातात दिलं. "तुम्हीच पुसा काका. पण मग आडनावही पुसा. ते तिनं कमावलंय."

काका फडकं घेऊन उभे राहिले... पाणी चपलेवर ठिबकत राहिलं. शेवटी फडकं खिडकीत फेकून ते आत गेले आणि दार धाडकन आपटलं.

"आता तरी राग गेला?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. तुमच्या घरच्या वंशवृक्षात तुमची आई आहे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग आधी त्यांना रंगवा. आणि मला त्यांच्याकडे घेऊन चला. विचारायचंय, असल्या मुलाशी कुणी संसार करावा का."

"आणि... करावा म्हणाली तर?"

"ब्रश उचला," ती म्हणाली. "आजी, आत्या, आई बाकी आहेत. आणि मी."