माझ्या आवाजात कोणी ओ दिली

ही घटना खरी आहे. खोटी सांगायची असती, तर तिच्यात मी स्वतःला थोडं तरी बरं दाखवलं असतं.

मी लिलाधर. भंडाऱ्यात राहतो. गाण्याच्या कार्यक्रमांना येणाऱ्या कलाकारांना सांभाळणं हे माझं काम. गाडी, खोली, जेवण, गरम पाणी... आणि कलाकार स्टेजवर चढेपर्यंत त्याची सोबत.

मागच्या दिवाळीनंतर करडीच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, ऑर्केस्ट्रा होता. गायिका ज्योत्सना. नवीन मुलगी, पहिलाच मोठा कार्यक्रम. आईला बरं नव्हतं म्हणून ती एकटीच आली होती. आईने मला फोनवर एवढंच सांगितलं, "पोरीले अंधाराचा लय भेव हाय. एकटी नोका सोडजा भाऊ."

मी हो म्हटलं.

तयार व्हायला तिला तलावाच्या बांधावरची मच्छीमार सोसायटीची खोली दिली होती. एकच दार. मागे गजांची छोटी खिडकी. भिंतीला जाळी टांगलेली. आधी मी स्वतः आत जाऊन सगळं पाहून आलो होतो.

दिवस बुडाला होता. तिने आतून कडी लावली. मी बाहेर पायरीवर बसलो. आतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

अचानक लाइट गेली.

गुणगुणणं थांबलं.

तलावावरचे बेडूकही गप्प झाले...

"भाऊ, तुमी आहा ना?" तिचा आवाज कापत होता.

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधीच कोणीतरी ओ दिली.

"हाव ताई. इथंच आहो मी."

आवाज माझा होता.

आणि तो... आतून आला होता.



"तुमी आत कवा आले?" तिने विचारलं. घाबरून नाही. सुटका झाल्यासारखं.

आतला तो हसला. अगदी माझ्यासारखा, शेवटी थोडं खोकून.

"हात दे," तो म्हणाला.

मग ती हळूच म्हणाली, "किती थंडा हात हाय भाऊ तुमचा..."

दार माझ्यापासून हातभर लांब होतं. एक लाथ पुरली असती. नुसती हाक मारली असती, तरी तिला कळलं असतं की मी बाहेर आहे.

मी पळालो.

स्टेजमागे जनरेटरपाशी, माणसांच्या गर्दीत जाऊन उभा राहिलो. कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाच्या खेमराजभाऊंनी विचारलं, बाई तयार झाली का. मी म्हटलं, होऊन राहिली. कोणाला तिकडे पाठवलंही नाही.

लाइट आली, तरी माझे पाय हलले नाहीत.

ती एकटीच चालत आली. चेहरा शांत. स्टेजवर चढली आणि अशी गायली, की शेवटच्या रांगेतल्या बायाही उठल्या नाहीत.

नंतर मी खेमराजभाऊंना त्या खोलीबद्दल विचारलं. ते स्वतः मच्छीमार. म्हणाले, आम्ही तर रोज तिथंच डबा खातो, तिथं काय होते?

परत जाताना ज्योत्सना गाडीत म्हणाली, "भाऊ, तुमी हात धरून बसले नसते, त मी आज गायलीच नसती."

तेव्हाच खरं सांगायचं होतं.

मी म्हटलं, "माझं कामच आहे ते."

तेव्हापासून ती प्रत्येक कार्यक्रमाला मलाच मागते. राखीला घरी येऊन राखी बांधून गेली. माझ्या बायकोसमोर माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून बसलो होतो. बायकोला वाटलं, लाजलो.

परवा बपेऱ्याला तिचा कार्यक्रम होता. चढायच्या आधी ती माझ्याजवळ आली. थोडी बारीक झाली आहे आता.

म्हणाली, "त्या दिवशी अंधारात तुमी कानात जे सांगतलं ना भाऊ, ते मी आईलेही नाही सांगतलं."

मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"तुमी म्हणलं तसंच करून राहिली मी."

काय सांगितलं होतं, ते विचारायचं तर आधी सांगावं लागेल की तो मी नव्हतो.

मी नुसती मान हलवली.

ती हसली... आणि शेवटी थोडं खोकली.