तिटकाऱ्याचे धडे

पैसेवाल्यांना हल्ली म्हातारं व्हायचीही लाज वाटते. साठी उलटली की निघाले आंबोलीला, कोशात शिरायला! आत देह विरघळतो आणि वर्षभराने तिशीचा होऊन बाहेर येतो. विश्वंभर राजाध्यक्षांनीही नाव घातलं. आरशापुढून न हलणारा माणूस, तो कसला मागे राहतो!

"पण डॉक्टर, बाहेर आल्यावर हे मला ओळखतील ना?" त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी विचारलं.

डॉ. पडत्यांनी काचपेटीतला हिरवा ससाणा-पतंग दाखवला. कण्हेरीवर वाढणारा, ससाण्यासारखा झेपावणारा. "काकू, हा सुरवंट होता तेव्हा आम्ही त्याला एक वास द्यायचो आणि लगेच विजेचा चटका. कोशात त्याचा पार काढा झाला. तरी पतंग होऊन तो त्याच वासापासून पळतो. दुसऱ्या एका वासाबरोबर साखरपाणी पाजलं होतं, ते मात्र साफ विसरला. माणसाचंही तसंच. भाषा टिकते, तिटकारा टिकतो. माया विरघळते."

"अगंबाई! मग?"

"मग धडे द्यायचे. दुपारी काका झोपले की तुमच्या केसांच्या तेलाचा वास द्या आणि या विजेच्या कड्याने हलकासा चटका. पुढे नाक मुरडतील, पण ओळखतील तर! सगळ्या बायका देतात."

आणि खरंच देत होत्या! नवऱ्याने विसरण्यापेक्षा किळस केलेली बरी म्हणणाऱ्या त्या, आणि त्यांना हे शिकवणारा हा दीडशहाणा.

कुमुदिनीबाईंनी घरी येताच कडं विहिरीत फेकलं. झोपलेल्या माणसाला चटके द्यायला त्या काय कसाई होत्या? विसरले तर विसरले, पुन्हा ओळख करून घेऊ. लग्नापासून त्या माक्याचं तेल लावायच्या, कारण ते ह्यांना आवडायचं. "छान वास आहे गं," असं ह्यांनीच कितीदा म्हटलं होतं. डॉक्टरांना मात्र "देते हो धडे" असं सांगून टाकलं.

वर्षाने कोश उघडला. तिशीचे विश्वंभर उठून बसले. डॉक्टरांकडे, नर्सकडे त्यांनी अनोळखी नजरेने पाहिलं. कुमुदिनीबाई जवळ गेल्या मात्र, विश्वंभरांनी नाक दाबून तोंड फिरवलं.

"शी! कुमुद, लांब बस."

डॉक्टर नाचायचेच बाकी राहिले. "शंभरपैकी शंभर! काकू, धडे अगदी चोख दिलेत हो!"

कुमुदिनीबाईंनी पदर डोक्यावर ओढून केस झाकून घेतले.

"हो ना," त्या म्हणाल्या, "एक दिवस चुकवला नाही."